'रिटर्न टू ऑझ' : भयाच्या वाटेने परतलेली बालकथा

'रिटर्न टू ऑझ' हा वॉल्ट डिस्ने पिक्चर्स या अमेरिकी संस्थेचा अद्भुतरम्य चित्रपट २१ जून १९८५ रोजी प्रदर्शित झाला. १९३९ च्या 'द विझार्ड ऑफ ओझ' या जगभर लोकप्रिय ठरलेल्या चित्रपटाची कथा तो पुढे नेतो. मात्र गाणी, नृत्ये आणि झगमगते रंग यांच्या जागी येथे ओसाड नगरी, शिरे बदलणारी राजकन्या आणि एका लहान मुलीच्या आठवणी पुसू पाहणारे विजेचे यंत्र आहे. बालप्रेक्षकांसाठी हे भय अतिरेकी असल्याची टीका तेव्हा झाली आणि चित्रपटाला मोठे आर्थिक अपयश आले. पुढील काळात मात्र त्याचे अनेक निष्ठावान चाहते निर्माण झाले. मुलांच्या कथेत भीतीला किती स्थान असावे, या वादात आजही या चित्रपटाचा दाखला दिला जातो.

मूळ कथा आणि पहिला चित्रपट

अमेरिकी लेखक एल. फ्रँक बॉम (१८५६–१९१९) यांचे 'द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ' हे पुस्तक १९०० मध्ये प्रकाशित झाले. कॅन्ससच्या माळरानावर काका-काकूंजवळ राहणारी अनाथ डॉरोथी वावटळीत सापडून ऑझ या अद्भुत देशात पोहोचते. तेथे तिला बुजगावणे, पत्र्याचा माणूस आणि भित्रा सिंह हे सोबती भेटतात. वाचकांच्या आग्रहामुळे बॉम यांनी या मालिकेत आणखी तेरा कादंबऱ्या लिहिल्या.

व्हिक्टर फ्लेमिंग दिग्दर्शित आणि ज्यूडी गार्लंड अभिनित १९३९ च्या चित्रपटाने मूळ कथेत काही महत्त्वाचे बदल केले. पुस्तकातील चंदेरी पादत्राणे पडद्यावर माणिकांची झाली. त्याहून मोठा बदल शेवटी होता. पुस्तकातील ऑझ खरा आहे, तर चित्रपटात तो बेशुद्धावस्थेतील स्वप्न ठरतो. १९५६ पासून दूरचित्रवाणीवर वारंवार झालेल्या प्रक्षेपणामुळे हा चित्रपट अमेरिकी घराघरांत पोहोचला. पुढील चित्रपटाची तुलना याच रूपाशी होणार होती.

कथानक

'रिटर्न टू ऑझ'ची पटकथा वॉल्टर मर्च आणि गिल डेनिस यांनी मुख्यतः बॉम यांच्या 'द मार्व्हलस लँड ऑफ ऑझ' (१९०४) आणि 'ओझ्मा ऑफ ऑझ' (१९०७) या दोन पुस्तकांच्या आधारे लिहिली. कथेचा आरंभ १८९९ च्या ऑक्टोबर महिन्यात होतो. वावटळीला सहा महिने लोटले आहेत. नवे घर अपुरे आहे आणि पैशांची चणचण आहे. डॉरोथीला रात्री झोप येत नाही. ती ऑझबद्दल बोलत राहते, पण तिच्यावर कोणाचाही विश्वास बसत नाही. काळजीपोटी एम काकू तिला डॉक्टर वॉर्ली यांच्या रुग्णालयात नेतात. विजेच्या उपचाराने मनातील अनिष्ट कल्पना दूर होतील, असे डॉक्टर सांगतात.

उपचार सुरू होणार इतक्यात वादळामुळे वीजपुरवठा खंडित होतो. एका अनोळखी मुलीच्या मदतीने डॉरोथी निसटते आणि पुराच्या पाण्यात वाहत ऑझच्या सीमेवर पोहोचते. सोबतीला तिची बिलिना ही कोंबडी असते आणि आता ती चक्क बोलू लागलेली असते. परंतु पिवळ्या विटांचा रस्ता उखडलेला आहे, पाचूची नगरी उद्ध्वस्त झाली आहे आणि जुने सोबती दगड होऊन उभे आहेत. हातापायांच्या जागी चाके असलेली माणसे तेथे दहशत माजवतात. राजकन्या मॉम्बी कपाटात ठेवलेली शिरे आलटून पालटून धारण करते. या साऱ्यामागे भूगर्भात राहणारा नोम राजा असतो. पाचू मुळात भूमीतील आपल्या मालकीचे होते आणि नगरवासीयांनी ते चोरले, असा त्याचा दावा आहे.

टिक-टॉक हा चावीवर चालणारा यांत्रिक सैनिक, भोपळ्याच्या डोक्याचा जॅक आणि पलंग जोडून तयार केलेला उडता गम्प यांच्या साहाय्याने डॉरोथी राजापर्यंत पोहोचते. शोभेच्या असंख्य वस्तूंमधून आपला बुजगावणे मित्र ओळखण्याची कसोटी तिला द्यावी लागते. अखेर बिलिनाचे अंडे राजाचा घात करते, कारण नोम लोकांसाठी अंडे विषासमान असते.

रुग्णालयाचा प्रसंग

चाकांची माणसे, शिरांचे कपाट आणि शोभेच्या वस्तूंची कसोटी हे भयप्रसंग बॉम यांच्याच लेखनातील आहेत. रुग्णालय मात्र पटकथेची भर आहे. चित्रपटाचे खरे मर्मही तेथेच आहे. डॉक्टर आणि नोम राजा या दोन्ही भूमिका निकोल विल्यमसन यांनी, तर परिचारिका आणि मॉम्बी या दोन्ही भूमिका जीन मार्श यांनी केल्या आहेत. त्यामुळे ऑझमधील संकट हे घरच्या जगातील संकटाचेच दुसरे रूप ठरते. दोन्हीकडे धोका एकच आहे. मुलीजवळची स्मृती तिच्याकडून काढून घेतली जाणार आहे आणि तसे करणारी माणसे स्वतःला तिची हितचिंतक म्हणवतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मज्जासंस्थेच्या विकारांवर सौम्य विद्युतप्रवाहाचे उपचार युरोप-अमेरिकेत प्रचलित होते. मेंदूला विजेचा झटका देऊन आकडी आणण्याची उपचारपद्धती मात्र १९३८ मध्ये इटलीत प्रथम वापरली गेली. चित्रपटातील यंत्र त्यामुळे काल्पनिक असले, तरी संमतीविना उपचाराचे भय काल्पनिक नाही. भारतातील मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता हा उपचार करण्यास मनाई आहे. अल्पवयीन रुग्णांवरही तो करता येत नाही. अपवादात्मक स्थितीत पालकांची संमती आणि संबंधित मंडळाची पूर्वपरवानगी बंधनकारक आहे.

निर्मिती

वॉल्टर मर्च हे ध्वनिसंयोजक व संकलक म्हणून ख्यातनाम होते. 'अपोकॅलिप्स नाऊ' (१९७९) या चित्रपटाच्या ध्वनीसाठी त्यांना ऑस्कर मिळाले होते. दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा एकमेव कथापट आहे. डिस्नेकडे बॉम यांच्या अनेक पुस्तकांचे हक्क आधीपासून होते. माणिकांची पादत्राणे मात्र एमजीएमच्या चित्रपटाची निर्मिती असल्याने त्यांच्या वापरासाठी स्वतंत्र मोबदला द्यावा लागला.

चित्रीकरण १९८४ मध्ये मुख्यतः इंग्लंडमधील एल्स्ट्री स्टुडिओत झाले. वेळापत्रक कोलमडल्याने मर्च यांना मध्येच दिग्दर्शनावरून दूर करण्यात आले. जॉर्ज लुकास यांच्यासह काही ज्येष्ठ चित्रपटकर्ते त्यांच्या पाठीशी उभे राहिल्यावर त्यांना पुन्हा काम सोपविण्यात आले. डॉरोथीच्या भूमिकेसाठी निवडलेली फेरुझा बाल्क त्या वेळी जेमतेम नऊ-दहा वर्षांची होती. गार्लंड यांनी ही भूमिका सोळाव्या वर्षी केली होती. त्यामुळे नव्या डॉरोथीचे वय पुस्तकातील डॉरोथीच्या अधिक जवळ गेले आणि तिच्यावरील संकटे अधिक गडद वाटू लागली.

खडकांतून उमटणारे नोम लोकांचे चेहरे विल व्हिंटन यांच्या चमूने मातीच्या आकृतींच्या सचेतनपटाद्वारे साकारले. या चित्रपटाला दृश्य परिणामांसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले, पण पुरस्कार 'कोकून'ला गेला.

प्रतिसाद

सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर खर्चून तयार झालेल्या या चित्रपटाने अमेरिकेत केवळ १ कोटी १० लाख डॉलरच्या आसपास गल्ला जमविला. गाणी नाहीत, आनंद नाही आणि मुले घाबरतील, असा टीकेचा सूर होता. बॉम यांच्या पुस्तकांच्या जाणकारांनी मात्र मूळ लेखनाशी जवळीक साधल्याबद्दल त्याचे स्वागत केले. व्हिडिओ कॅसेटमुळे तो पुढच्या पिढीतील मुलांपर्यंत पोहोचला आणि त्यांतील अनेकांनी मोठेपणीही त्याची आठवण जपली.

भारतीय समांतर उदाहरण

लोकप्रिय बालचित्रपटाचा उत्तरार्ध अधिक गंभीर होण्याचे उदाहरण भारतातही आहे. सत्यजित राय यांच्या 'गूपी गाइन बाघा बाइन' (१९६९) नंतर अकरा वर्षांनी 'हीरक राजार देशे' (१९८०) आला. त्यातील राजा शाळा बंद करतो आणि प्रजेचे विचार बदलण्यासाठी मेंदू धुणारे यंत्र बनवून घेतो. अखेर त्याच यंत्रात सापडलेला राजा स्वतःचाच पुतळा पाडण्यास हातभार लावतो. दोन्ही चित्रपटांत मनावर ताबा मिळवणारे यंत्र आहे. राय यांनी ते हास्याच्या अंगाने दाखविले, मर्च यांनी मुलीच्या डोळ्यांनी.

मराठी बालसाहित्यालाही भीती परकी नाही. लेकीकडे निघालेल्या म्हातारीला खायला वाघ-कोल्हे टपलेले असतात आणि रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या' या नाटकातील चेटकीण बालप्रेक्षकांची लाडकी आहे. मात्र तेथे भीतीपाठोपाठ हसू येते. 'रिटर्न टू ऑझ'मध्ये ही सवलत फार कमी मिळते.

शेवट आणि नंतरचा काळ

चित्रपटाच्या अखेरीस डॉरोथी घरी परतते. वीज पडून रुग्णालय जळालेले असते आणि यंत्रे वाचविण्याच्या प्रयत्नात डॉक्टरांचा मृत्यू झालेला असतो. आपल्या खोलीतील आरशात तिला ऑझची राणी ओझ्मा दिसते. आनंदाने ती काकूंना हाक मारते, तेव्हा ओझ्मा ओठांवर बोट ठेवते. पहिल्या चित्रपटात स्वप्न ठरलेला ऑझ येथे मुलीच्या मालकीचे सत्य बनतो. ते सत्य मोठ्यांना पटवून देण्याचे ओझे आता तिच्यावर राहत नाही.

मर्च यांना पुढे 'द इंग्लिश पेशंट' (१९९६) या चित्रपटाच्या संकलनासाठी आणि ध्वनीसाठी अशी दोन ऑस्कर मिळाली. ऑझची भूमी पडद्यावर येतच राहिली. २०२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'विकेड' या संगीतपटाने तिला नवा प्रेक्षक मिळवून दिला. या साऱ्या रूपांमध्ये १९८५ चा चित्रपट वेगळा उठून दिसतो, तो मुलीचे भय खरे मानून तिची बाजू घेतल्यामुळे.