जुन्या गाडीला टर्बो बसवला अन् इंजिन तापायला लागलं? कुठे काय तपासायचं, सविस्तर माहिती

भाजीपाला, दुधाचे कॅन, खताच्या गोण्या वाहणाऱ्या जुन्या डिझेल जीप आणि पिकअप अजून खेडोपाडी भरपूर आहेत. यातल्या अनेक गाड्या बिगर टर्बोच्या. घाटात ओढत नाहीत म्हणून जुना टर्बो बघून मेस्त्रीकडून बसवून घेतला जातो. पहिले आठ दिवस गाडी पळते, मालक खूश असतो. मग एखाद्या दिवशी भरल्या गाडीने घाट चढताना काटा लाल रेषेला टेकतो आणि बोनेटमधून वाफ निघते.

असं झालं की बहुतेक जण आधी रेडिएटर बदलतात. दर वेळी दोष तिथे असतोच असं नाही, आणि खर्च करूनही गाडी तापतच राहते.

टर्बोने उष्णता का वाढते

इंजिनात जळणाऱ्या डिझेलची ढोबळमानाने एक तृतीयांश ताकद चाकाला मिळते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुरावाटे जाते आणि उरलेली पाण्याला व ऑइलला तापवते. टर्बो जास्त हवा कोंबतो. त्या हवेत जास्त डिझेल जाळलं तरच ओढ वाढते. म्हणजे ओढ वाढली की पाण्यात जाणारी उष्णताही वाढलीच. रेडिएटर, वॉटर पंप आणि फॅन मात्र कंपनीने जुन्या ताकदीच्या हिशेबाने दिलेले असतात.

शिवाय दाबलेली हवा स्वतःच तापते. बाहेर ४० अंश ऊन असेल आणि टर्बो ०.७ बार, म्हणजे साधारण १० पीएसआय दाब देत असेल, तर इंटरकूलर नसताना इंजिनात शिरणारी हवा १०० अंशाच्या वर जाऊ शकते. कंपनीतून टर्बो लावून येणाऱ्या इंजिनात पिस्टन, हेड गॅस्केट आणि कॉम्प्रेशन त्या हिशेबाने ठरवलेलं असतं. बऱ्याच इंजिनात पिस्टनला खालून ऑइलचा फवाराही असतो. जुन्या बिगर टर्बो इंजिनात यातलं सगळं मिळेलच असं नाही.

गाडी नेमकी कधी तापते, ते आधी बघा

स्पॅनर हातात घेण्याआधी हे ठरवलं तर निम्मं काम होतं.

उभ्या गाडीत किंवा बाजाराच्या गर्दीत हळू चालताना काटा चढतो आणि रस्त्याला वेग घेतला की उतरतो, असं असेल तर दोष हवेचा आहे. फॅन, फॅन बेल्ट, फॅन क्लच, नाहीतर रेडिएटरसमोर आलेली अडगळ. इंजिन नुसतं सुरू असताना टर्बो दाब जवळजवळ देतच नाही, त्यामुळे इथे टर्बोच्या दाबाला दोष देण्यात अर्थ नाही.

रिकामी गाडी ठीक चालते आणि फक्त भरल्या गाडीने चढाला तापते, तर डिझेल जास्त सुटतंय, टायमिंग चुकलंय किंवा रेडिएटर पुरा पडत नाही.

थंड इंजिन सुरू केल्यावर पाच मिनिटांतच पाइप दगडासारखा कडक होतो, पाणी बाहेर फेकतं, तर हेड गॅस्केटचा संशय धरावा. काटा एकदम वर, एकदम खाली उड्या मारत असेल तर पाणी कमी आहे किंवा लाइनमध्ये हवा अडकली आहे.

काळा धूर दिसला की पंपाकडे बघा

टर्बो बसवताना मेस्त्री डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवतात. इथेच जास्त गाड्या बिघडतात. हवा पुरत नाही आणि डिझेल वाढवलं, तर गाडी चढाला काळा धूर ओकते. काही जणांना तो धूर ताकदीची खूण वाटतो. खरं तर ते न जळलेलं डिझेल असतं आणि त्याचबरोबर एक्झॉस्टचं तापमान चढतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ तापमान मोजणारा मीटर बसवता आला तर उत्तम. जुन्या डिझेल इंजिनाला ते सतत ७०० अंशाच्या वर ठेवणं पिस्टनसाठी धोक्याचं समजलं जातं. मीटर नसेल तर धूर बघा. भरल्या गाडीत चढाला हलकी झाक चालेल, मागची गाडी दिसेनाशी होणारा धूर नाही. पंप मागे घ्या, पुन्हा तोच चढ तेवढ्याच वजनाने चढवा आणि काटा बघा. या तपासणीला फारसा खर्च नाही, म्हणून ती रेडिएटर बदलण्याच्या आधी करावी.

पंप काढून परत बसवला असेल तर टायमिंगही तपासून घ्यावं. टायमिंग उशिरा असेल तर डिझेल उशिरापर्यंत जळतं आणि उष्णता एक्झॉस्टमध्ये व हेडमध्ये जाते. लवकर असेल तर आत दाब वाढतो, इंजिन ठोकतं आणि गॅस्केट उडतं.

पेट्रोल गाडीत हिशेब उलटा आहे. डिझेल इंजिनात इंधन जास्त झालं की ताप वाढतो, पेट्रोल इंजिनात टर्बोच्या दाबाखाली पेट्रोल कमी पडलं की वाढतो. तिथे पेट्रोल आणि स्पार्कचं टायमिंग दोन्ही नव्याने बसवावं लागतं. ते झालं नाही तर पिस्टन वितळायला फार वेळ लागत नाही. गावातल्या गॅरेजवर हा उद्योग न केलेला बरा.

हवेची वाट

इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे बसवला की दोन गोष्टी होतात. रेडिएटरची हवा अडते, आणि जी येते ती तापून येते. एसीचा कंडेन्सर असेल तर तिसरा अडथळा. पाइप बसत नाहीत म्हणून फॅनभोवतीचं गोल कव्हर काढून टाकलेलं असेल तर तेही परत बसवा. ते नसलं की फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी इंजिनाचीच गरम हवा फिरवत बसतो. समोर लावलेले फोकस, जाड गार्ड आणि नावाच्या पाट्याही हवा अडवतात. हौस बाजूला ठेवून एक दिवस त्या काढून गाडी चालवून बघावी.

उसाच्या आणि मळणीच्या हंगामात पाचट, भुसा आणि धूळ इंटरकूलर व रेडिएटरच्या मधल्या फटीत साठते. बाहेरून काहीच दिसत नाही. इंटरकूलर सैल करून, इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवावं. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने जाळीची पाती वाकतात.

पाणी, कॅप आणि थर्मोस्टॅट

बोअरचं पाणी वर्षानुवर्षे टाकलं की रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतो. बिगर टर्बो गाडीत ते खपून जातं, टर्बो लावल्यावर उघडं पडतं. इंजिन कोमट असताना रेडिएटरवर हात फिरवून बघा (फॅन बंद हवा). मधेच थंड पट्टे लागले तर तेवढ्या नळ्या बंद आहेत. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं टाकावं. जास्त कुलंट म्हणजे जास्त थंड, हा गैरसमज आहे. निव्वळ कुलंट पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही.

रेडिएटरची कॅप ही साधी झाकणी नाही. ०.९ बारची कॅप दाब धरत असेल तर पाणी सुमारे ११८ अंशाला उकळतं, रबर गेलेलं असेल तर १०० लाच. स्वस्तातली वस्तू आहे, संशय आला तर बदलावी.

थर्मोस्टॅट काढून फेकण्याची सवय मात्र सोडायला हवी. काही इंजिनांत तो काढला की बायपासची वाट उघडी राहते आणि पाणी रेडिएटरमध्ये न जाताच फिरत राहतं. म्हणजे गाडी उलट जास्त तापते. तो चालू आहे का ते घरीच कळतं. भांड्यात पाणी तापवून त्यात सोडा, त्यावर छापलेल्या अंशाच्या आसपास उघडायला लागला पाहिजे.

हेड गॅस्केट

थंड इंजिनाची कॅप उघडी ठेवून गाडी सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, ऑइल दुधाळ चहासारखं झालं किंवा पांढरा धूर थांबत नसेल, तर हेड उतरवावं लागेल. नुसतं गॅस्केट बदलून भागत नाही, वाकलेलं हेड वर्कशॉपमधून सरळ करून घ्यावं लागतं. आणि टर्बोचा दाब व पंप तसाच ठेवला तर नवीन गॅस्केटही टिकत नाही.

घाटात काटा लाल झाला तर

गाडी बाजूला घ्या, एसी बंद करा, हीटर असेल तर पूर्ण गरमवर सोडा. पाणी सांडलेलं नसेल तर इंजिन थोड्या रेसवर चालू ठेवा, लगेच बंद करू नका. पाणी फेकलं असेल तर मात्र ताबडतोब बंद करा. काटा एकदम खाली आला म्हणजे इंजिन थंड झालं असं नाही. पाणीच संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं दाखवतो. गरम इंजिनाची कॅप उघडल्याने तोंड, हात भाजतात. अर्धा तास तरी थांबा, मग जाड फडकं धरून हळू उघडा. तापलेल्या इंजिनावर किंवा टर्बोवर गार पाणी ओतलं तर ओतीव लोखंड तडकतं.

टर्बोचं ऑइल सील गेलं तर ऑइल हवेच्या वाटेने इंजिनात शिरतं. निळा धूर येतो, आणि कधी कधी डिझेल इंजिन त्या ऑइलवरच बेफाम पळतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. अशा वेळी ब्रेक दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडून इंजिन बंद पाडतात. फिरत्या इंजिनात हात घालू नये.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी याच मुद्द्यावर दावा अडवू शकते. त्यामुळे बसवण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावं.

सगळं करूनही गाडी तापतच असेल तर टर्बो उतरवून जुना मॅनिफोल्ड बसवता येतो. तेव्हा टर्बोला जाणारी ऑइलची लाइन आणि खालची परतीची वाट दोन्ही पक्की बंद करावी, आणि डिझेल पंप पहिल्या मापावर आणायला विसरू नये. पंप वाढवलेलाच राहिला तर टर्बो नसतानाही गाडी काळा धूर टाकत तापते.