कांपाचं मैदान आणि चरणीची गुरं

ठाकूरद्वाराच्या नाक्यावरून दक्षिणेला निघालं, की चिराबाजार, धोबीतलाव करत मेट्रो सिनेमापाशी आझाद मैदान लागतं. आज तिथे एकीकडे क्रिकेट चालतं, एकीकडे धरणी. जुने मुंबईकर त्याला कांपाचं मैदान म्हणत. एकोणिसाव्या शतकात मुंबईत कुणी कुठे तंबू ठोकायचा, याची गोष्ट याच मैदानावर घडली.

मी ठाकूरद्वारच्या चाळीत वाढलो आणि पुढे शाळेत शिकवताना मुलांना शिबिरांना नेत राहिलो. जागा निवडताना मी त्यांना चार प्रश्न विचारायला लावायचो. वारा कुठून येतो? पाणी किती लांब आहे? पाऊस आला तर पाणी कुठून वाहील? आणि जागा कुणाची, परवानगी कुणाची? मैदानाचा इतिहास वाचताना हेच चार प्रश्न मला सतत आठवत गेले.

मुंबईचा किल्ला तेव्हा तटबंदीच्या आत दाटीवाटीने वसलेला होता. तटावरच्या तोफांपुढे आडोसा नको, म्हणून बाहेरचं मोठं पटांगण, एस्प्लनेड, मोकळं राखलेलं. तिथे पक्कं बांधकाम होऊ द्यायचं नाही, हा लष्करी शिरस्ता. पण उकाडा वाढला की किल्ल्यातल्या साहेबलोकांना समुद्राचा वारा हवा असे. पक्कं नको तर कच्चं चालेल, अशी सवलत मिळाली आणि कोरड्या मोसमात मैदानावर तंबू व तात्पुरते बंगले उभे राहू लागले.

मिसेस पोस्टन्स या इंग्रज बाईंनी 1838 सालच्या पश्चिम हिंदुस्थानावर जे पुस्तक लिहिलं, त्यात या बंगल्यांचं वर्णन आहे. बांबूचा सांगाडा, त्यावर गिलावा, आतून ताणून बसवलेलं फिकट रंगाचं डंगरी कापड, बाहेर कुंड्यांची बाग. पावसाची चाहूल लागली की हे सगळं मोडायचं आणि बिऱ्हाड गिरगाव, भायखळा, चिंचपोकळीच्या पक्क्या घरांत हलवायचं. माझ्या चार प्रश्नांपैकी तीन प्रश्नांची उत्तरं या माणसांनी नेमकी दिली होती. वारा पश्चिमेचा. पाणी विहिरींचं, भिखा बेहराम यांची 1725 सालची विहीर क्रॉस मैदानाच्या कडेला आजही आहे. पावसाआधी जागा रिकामी. एका मोसमापुरतं राहायचं आणि मागे काही ठेवायचं नाही, ही शिस्त मला आजही आदर्श वाटते.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याच 1838 साली गुराख्यांना फार महाग पडलं. याच मैदानावर गावातली गुरं फुकट चरत असत. त्या वर्षी सरकारने चराईवर फी बसवली. बंगलेवाल्यांना मैदान मिळत राहिलं. ज्यांच्या घरी एखाददुसरी गाय, त्यांना फी झेपेना. गुरं उपाशी राहू लागली. तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी स्वतःच्या खिशातून 20,000 रुपये घालून ठाकूरद्वाराजवळ समुद्राच्या बाजूचं कुरण विकत घेतलं आणि ते गुरांसाठी खुलं केलं. गुरांच्या चरण्यावरून चर्नी रोडच्या नावाशी ही हकिकत जोडली जाते. पुढे ‘सर’ झालेल्या, रुग्णालय आणि कलाशाळा देणाऱ्या या माणसाच्या दानांत मला हे दान सर्वांत मोलाचं वाटतं. सर्वांच्या जागेवर पैशाचं दार बसलं, तेव्हा त्यांनी बिनदाराची दुसरी जागा उभी केली.

1860च्या दशकात बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना तटबंदी पाडली गेली. तोफांसाठी मोकळी ठेवलेली जमीन रस्ते, इमारती आणि मैदानांत वाटली गेली, तशी बांबूच्या बंगल्यांची गरजही सरली.

1896च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला, तेव्हा मोकळी जमीन पुन्हा आठवली. कोंदट घरं सोडून माणसं उघड्यावरच्या झोपड्यांत राहायला गेली. काही समाजांनी आपापल्या लोकांसाठी छावण्या उभ्या केल्या. बांबू तोच. पण साहेबाला जी हवा हौसेने मिळाली, ती चाळकऱ्याला जीव वाचवण्यासाठी घ्यावी लागली. मोकळी जागा ही चैन नव्हे, गरज आहे, हे शहराला तेव्हा पटायला हवं होतं.

आज राष्ट्रीय उद्यानातली किंवा वनखात्याची तंबूची जागा फोनवर आरक्षित होते. तारीख निवडायची, माणसं भरायची, पैसे भरायचे. पद्धत चांगली आहे. जंगलाला किती माणसं सोसतील याचा हिशेब हवाच, आणि परवानगीशिवाय पेटवलेल्या शेकोट्यांनी रानाचं काय होतं ते मी पाहिलं आहे. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. माझी चिंता शुल्काबद्दल आहे. ज्या शुल्कात नोकरदार कुटुंबाची सुट्टी बसते, त्यात चाळीस मुलांचा महापालिकेच्या शाळेचा वर्ग बसत नाही.

म्हणून ज्यांच्या सहीने ही शुल्कं ठरतात त्यांना माझी विनंती आहे: प्रत्येक मोसमात काही तंबू शाळांसाठी नाममात्र दरात राखून ठेवा, आणि तसं नियमातच लिहा. दर वेळी जमशेटजी भेटतीलच, असं धरून चालणं योग्य नाही.