उन्हाच्या भरवशावरचे औषध

कीटकनाशकांच्या इतिहासात ऊन बराच काळ अडचणच होते. डाल्मेशियातील फुलांपासून मिळणारी पायरेथ्रमची भुकटी कीड झटकन मारी, पण उन्हात काही तासांतच निकामी होई. १९७३ मध्ये इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे मायकेल इलियट यांच्या गटाने परमेथ्रिन घडवले. ते त्याच धर्तीचे, पण उन्हात तगणारे होते. ही झाली औषधाचा रेणूच बदलण्याची वाट. दुसरी वाट औषध तेच ठेवून त्याभोवती पडदा घालण्याची. प्रकाश पडताच औषध सोडणाऱ्या पडद्यांवर आज जे संशोधन चालले आहे, ते या दुसऱ्या वाटेवरचे. तिचा मागचा प्रवास पाहिला, तर पडदा कधी उघडतो याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, औषधाचा कण कुठे जातो याला महत्त्व आहे असे दिसते.

असा पडदा म्हणजे सूक्ष्म कुपी, आणि तिचे तंत्र शेतात नव्हे, कचेरीत रुजले. अमेरिकेतील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीने १९५० च्या दशकात कार्बनशिवाय प्रत उठवणारा कागद आणला. पेनाच्या दाबाने त्यावरच्या कुप्या फुटत. १९७० च्या दशकात अमेरिकेतच पेनकॅप-एम हे कीटकनाशक बाजारात आले. त्यात मिथाइल पॅराथिऑन हे जहाल औषध नायलॉनजातीच्या कुप्यांत भरलेले होते. हेतू चांगलाच होता. औषध सावकाश झिरपावे, जास्त दिवस पुरावे आणि हाताळणाऱ्याला कमी बाधावे. पण कुप्या परागकणांएवढ्या निघाल्या. मधमाश्यांनी त्या परागासोबत पोळ्यात नेऊन साठवल्या. उघडे औषध बहुधा माशीला रानातच मारते. कुपीतले पोळ्यापर्यंत पोचले. झिरपण्याचा हिशेब बरोबर होता, माशीचा कुणी धरला नव्हता.

प्रकाशाच्या पडद्यामागचे रसायनही जुनेच आहे. ॲझोबेंझीनचा लांबट रेणू प्रकाशात वाकतो, हे जी. एस. हार्टली यांनी १९३७ मध्ये दाखवले. हा रेणू पडद्यात गुंफला की अतिनील किरणांनी पडदा सैल करता येतो. यावर समर्थक म्हणतील की डब्यात अंधार असल्याने औषध बंद राहील आणि उन्हातच सुटेल, म्हणजे फवारणाऱ्याचा धोका टळेल. औषध कालवण्यापुरते हे खरे. पण २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते उघड्या रानात. भर उन्हात अंगावर उडालेली कुपी अंगावरच उघडेल. शिवाय पांढरी माशी ही कीड पानाच्या खालच्या बाजूला, सावलीत बसते. फुलावर मात्र ऊन थेट पडते. ऊन कीड आणि मधमाशी यांत फरक करत नाही.

म्हणून हे संशोधन सोडून द्यावे असे नाही. एकूण औषध कमी लागले, तर तो मोठाच लाभ ठरेल. मात्र प्रयोगशाळेतील दिव्याखाली पडदा किती वेळा उघडला-मिटला, एवढ्यावर त्याला शेतात उतरवू नये. पोळ्यातील आणि फवारणाऱ्याच्या कातडीवरील चाचणी आधी हवी. रिकाम्या कुपीचे काय, हा प्रश्नही आता कायद्यात आला आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मुद्दाम मिसळलेल्या प्लॅस्टिककणांवर निर्बंध घातले, त्यात कीटकनाशकांच्या कुप्यांना २०३१ पर्यंतचीच मुदत आहे.