अपूर्णांकातले मत

1787 सालच्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला अमेरिकेची राज्यघटना लिहिली जात होती, तेव्हा एका हिशेबावर घोडे अडले. गुलामांना मत नव्हतेच, पण संसदेतल्या जागा ठरवताना त्यांची डोकी मोजायची की नाही? दक्षिणेच्या मळेवाल्यांना ती मोजून हवी होती. तोड निघाली ती अशी, की पाच गुलाम म्हणजे तीन माणसे. जागा वाढल्या त्या मालकांच्या राज्यांच्या. आणि याच देशात न्यू जर्सी हे एक राज्य होते, जिथे 1776 पासून पन्नास पौंडांची मालमत्ता असलेला कोणीही रहिवासी मत देऊ शके. विधवा आणि अविवाहित बायकासुद्धा, काळे लोकही. 1807 मध्ये ते दार लावून घेतले गेले. आज ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

पुढे यादवी युद्ध झाले, 1865 मध्ये गुलामगिरी गेली, 1870 मध्ये काळ्या पुरुषांना मत मिळाले. तीनच वर्षांनी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना ती अर्पण केली. त्या वेळी तिकडचे मुक्त गुलाम खरोखरच मत देत होते. मागाहून दक्षिणेत मतासाठी कर आला, वाचनाची परीक्षा आली आणि दिलेले मत हळूहळू परत काढून घेतले गेले. ते पुरते परतायला 1965 उजाडले.

आता आपण तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमूरकडे येऊ. इथे पन्नास पौंडांच्या जागी जमीन आणि सारा होता. मध्य प्रांतात मालगुजार, म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा मालक, आणि त्याच्या पंगतीला बसू शकणारे, एवढ्यांचेच मत. 1935 च्या भारत सरकार कायद्याने मतदारांची यादी वाढली, तरी देशभरात ती तीन कोटींच्या आसपासच राहिली. शिवाय चांदा जिल्ह्यातली अहेरीची जमीनदारी आणि धानोरा, रांगी, मुरूमगाव, पोटेगाव या जमीनदाऱ्या 'अंशतः वगळलेला प्रदेश' ठरल्या: कायदेमंडळाने केलेला कायदा गव्हर्नरने म्हटले तरच तिथे लागू. मला इथे फिलाडेल्फियाचा हिशेब आठवल्याशिवाय राहत नाही. चिमूर त्या वगळलेल्या प्रदेशात नव्हते. पण 16 ऑगस्ट 1942 च्या नागपंचमीला तिथे इंग्रज सरकारविरुद्ध जो जमाव उठला, ज्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यातल्या किती जणांचे नाव मतदार यादीत असेल?

31 मार्च 1951 ला मालगुजारी संपली. काही महिन्यांतच पहिली सार्वत्रिक निवडणूक आली; चिमूर तेव्हा मध्य प्रदेशात. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह. मतपत्रिका नाशिकच्या सरकारी छापखान्यातली, रुपयाच्या नोटेएवढी. तिच्यावर खूण करायची नाही, फक्त हव्या त्या पेटीत टाकायची. अक्षर न येणाऱ्याचेही काम अडत नसे. कालच्या मालगुजाराला आणि त्याच्या सालदाराला तसाच एकेक कागद मिळाला. बायकांचे मात्र गणित चुकले. 'अमक्याची बायको' एवढेच नाव सांगितलेल्या देशभरातल्या सुमारे 28 लाख बायका यादीतून गळल्या. तरी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या मतदाराला 1965 चा कायदा मिळाला, तोवर इथल्यांची तीनदा मते देऊन झाली होती.

2008 च्या पुनर्रचनेत गडचिरोली-चिमूर हा अनुसूचित जमातींसाठी राखीव लोकसभा मतदारसंघ झाला. तीन जिल्ह्यांत पसरलेला. 19 एप्रिल 2024 ला चिमूर आणि ब्रह्मपुरीत संध्याकाळी सहापर्यंत मतदान चालले. याच मतदारसंघातल्या आमगाव, आरमोरी, गडचिरोली आणि अहेरीत दुपारी तीनपर्यंतचीच वेळ होती.