एलएसटी-३२५ : रणगाडे थेट वाळूवर उतरवणारं जहाज

दुसऱ्या महायुद्धात बंदर नसलेल्या किनाऱ्यावर रणगाडे उतरवायला अमेरिकेनं एलएसटी जहाजं बांधली. लांबी ३२८ फूट, रुंदी ५० फूट, तळ सपाट. जहाज सरळ वाळूला लागायचं, पुढचे दरवाजे उघडायचे आणि ट्रॉलीचा फाळका पाडावा तसा रॅम्प खाली यायचा.

एलएसटी-३२५ फेब्रुवारी १९४३ ला नौदलात दाखल झालं. आधी इटलीत सिसिली, सालेर्नो; मग जून १९४४ ला फ्रान्समधलं नॉर्मंडी. इंग्लंड-फ्रान्स अशा चाळीसहून जास्त फेऱ्या केल्या.

१९६४ ला ते ग्रीसला दिलं; तिथं १९९९ पर्यंत चाललं. त्यानंतर अमेरिकेच्या माजी सैनिकांनी, सरासरी वय सत्तरीच्या पुढं असताना, ते स्वतः चालवत अटलांटिक पार केलं. जानेवारी २००१ ला जहाज मायदेशी पोचलं. आज इव्हान्सव्हिल शहरात, ओहायो नदीकाठी, लोक ते आत जाऊन बघतात.