वक्फ-अलल-औलाद : घरची दौलत आणि घरातले हक्कदार

मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर इस्टेट म्हणजे माडाची बाग, आंब्याची कलमे, राहते घर आणि थोडी भातशेती. कर्ता पुरुष वारला की शरीअतप्रमाणे हिस्से पडतात. मुले असतील तर विधवेस आठवा हिस्सा आणि मुलाच्या निम्मा मुलीस. पत्नीच्या मेहरची बाकी असेल तर ती कर्ज समजून वाटणीपूर्वी फेडावी लागते. अशाने दोन-तीन पिढ्यांत बागेचे तुकडे होतात.

हे तुकडे टाळण्याचा जुना मार्ग म्हणजे वक्फ-अलल-औलाद. मिळकत अल्लाहच्या नावे कायमची बांधून ठेवायची. ती वारसांत वाटली जात नाही, मालकीची म्हणून कोणास विकता येत नाही. उत्पन्न मुतवल्लीच्या हातून औलादीस मिळते आणि वंश खुंटल्यास गोरगरिबांस. हजरत उमर यांनी खैबर येथील जमीन वक्फ केली, तेव्हा तिच्या उत्पन्नात आप्तांबरोबर गरीब आणि वाटसरू यांचाही वाटा ठेवला होता, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

इंग्रजी अमदानीत मुंबई उच्च न्यायालयाने १८८१ साली फातमाबीबी खटल्यात असा वक्फ मान्य केला. पण १८९४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने अबुल फता खटल्यात उलट निर्णय दिला. गरिबांचा वाटा वंश संपल्यावरच येणार असेल तर तो केवळ देखावा होय, असा त्याचा आशय होता. त्यामुळे देशभर अस्वस्थता पसरली. मौलाना शिबली नोमानी यांनी चळवळ केली, आणि मुंबईच्या मुसलमानांचे प्रतिनिधी बॅ. जीना यांनी मध्यवर्ती कायदे मंडळात विधेयक मांडले. त्यातूनच १९१३ चा मुसलमान वक्फ वैधता कायदा झाला. १९३० साली तो पूर्वीच्या वक्फांनाही लागू करण्यात आला.

या कायद्यातील एक बारकावा आपल्या कोकणी मुसलमानांस विशेष लागू आहे. वक्फ करणाऱ्याने हयातीत स्वतःचा निर्वाह त्यातून राखून ठेवण्याची मुभा फक्त हनफींना दिली होती. आपण बहुसंख्य शाफिई. तेव्हा आपल्या मजहबात वक्फ म्हणजे देणाऱ्याने खरोखरच हात मोकळे करणे होय.

कर चुकविण्याचे साधन म्हणूनही त्याचा फारसा उपयोग नव्हता. १९५३ साली इस्टेट ड्यूटी आली आणि १९८५ साली गेली. देणाऱ्याने स्वतःचा उपभोग राखलेली मिळकत त्या कायद्याखाली करपात्रच होती. कुटुंबाने खाल्लेल्या उत्पन्नाला धर्मादायाची प्राप्तिकर माफीही मिळत नाही.

खरा प्रश्न बायकामुलींचा आहे. आपल्या कायद्यात नवराबायकोची मिळकत एक नसते. तलाक झालेल्या स्त्रीचा आधार म्हणजे तिचा मेहर, इद्दतीचा खर्च, आणि १९८६ च्या कायद्याचा सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दानियल लतीफी खटल्यात लावलेल्या अर्थानुसार पुढील आयुष्याची वाजवी तरतूद. नवऱ्याने सारी जमीन आधीच बांधून ठेवली असेल तर हुकूमनामा हाती येऊनही वसुली कशातून करावयाची? वक्फनाम्यात ‘औलाद’ म्हणजे फक्त मुलगे असे लिहिले, तर मुलीचा कुराणाने ठरविलेला हिस्साही बुडतो. सीरियाने १९४९ साली आणि इजिप्तने १९५२ साली हा कौटुंबिक वक्फच बंद केला.

आपल्याकडे तो चालू आहे. मात्र २०२५ च्या दुरुस्तीने अशी तरतूद केली आहे की, त्यामुळे स्त्री वारसांसह कोणत्याही वारसाचा हक्क किंवा कायदेशीर दावा असणाऱ्या इतरांचा हक्क बुडता कामा नये. या दुरुस्तीच्या इतर कलमांबद्दल मतभेद आहेत, पण एवढी गोष्ट शरीअतच्या गाभ्याशी जुळणारी आहे.

बाग अखंड राहावी ही इच्छा रास्त आहे. परंतु वक्फनामा करावयाचा तर आधी मेहर फेडावा, मुलींची नावे स्पष्ट लिहावीत, आणि गरीब विद्यार्थ्यांचा वाटा वंश संपण्याची वाट न पाहता पहिल्याच सालच्या उत्पन्नातून काढावा. असा वक्फ दौलतही राखील आणि ईमानही.