‘तिसऱ्या वया’चे विद्यापीठ : तुलूझ आणि केम्ब्रिज

१

संस्थांच्या इतिहासात त्यांच्या नावांचा इतिहास सहसा गौण मानला जातो. आधी संस्था निर्माण होते आणि मग तिला नाव दिले जाते, अशी त्यामागील समजूत असते. परंतु काही संस्थांच्या बाबतीत त्यांच्याविषयीचा मुख्य वाद त्यांच्या नावातच साठलेला आढळतो. सेवानिवृत्त स्त्रीपुरुषांच्या अध्ययनासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात निघालेली ‘तिसऱ्या वयाची विद्यापीठे’ ही अशा संस्थांपैकी होत. १९७३ साली फ्रान्समधील तुलूझ येथे या नावाची पहिली संस्था स्थापन झाली. १९८१ साली इंग्लंडमधील केम्ब्रिज येथे तेच नाव स्वीकारण्यात आले; परंतु त्या नावाखाली जी संस्था उभी राहिली ती पहिलीहून जवळजवळ सर्वस्वी भिन्न होती. नाव एक आणि अर्थ दोन, असे का झाले व या अर्थभेदात कोणता सामाजिक प्रश्न गुंतलेला आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

प्रथम या संस्थांच्या पूर्वपीठिकेकडे वळू. म्हातारी माणसे सर्व काळी होती. ‘निवृत्तांचा वर्ग’ मात्र अर्वाचीन आहे. जर्मनीत १८८९ साली वार्धक्य-विम्याचा कायदा झाला, तेव्हा निवृत्तिवेतनासाठी वयाची अट ७० वर्षांची होती. ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्यान्वये १९०९ पासून जे वेतन मिळू लागले त्यासाठीही ७० वर्षे पूर्ण व्हावी लागत आणि त्याची कमाल मर्यादा आठवड्याला ५ शिलिंग एवढीच होती. या कायद्यांच्या कर्त्यांपुढे प्रश्न होता तो श्रमाने थकलेल्या दरिद्री माणसाचे अखेरचे थोडे दिवस अन्नावाचून जाऊ नयेत, एवढाच. त्या दिवसांत त्याने काय करावे, हा प्रश्न उद्भवण्याइतके ते दिवसच नव्हते.

पुढील अर्धशतकात ही परिस्थिती पालटली. आयुर्मान वाढले आणि निवृत्तीचे वय खाली आले. केम्ब्रिजचे इतिहासकार पीटर लॅस्लेट (१९१५–२००१) यांनी या पालटाची एक कसोटी सुचविली आहे. पंचविशीत असलेल्यांपैकी निम्मी माणसे वयाची सत्तरी गाठतील अशी अपेक्षा ज्या समाजात धरता येते, त्याच समाजात ‘तिसरे वय’ ही एक सार्वत्रिक अवस्था म्हणून अस्तित्वात येऊ शकते. ब्रिटनने ही मर्यादा विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास गाठली, असे त्यांचे प्रतिपादन होते. लॅस्लेट हे लोकसंख्येच्या इतिहासाचे अभ्यासक होते. ऐतिहासिक लोकसंख्याशास्त्राचे केम्ब्रिज येथील सुप्रसिद्ध संशोधनमंडळ त्यांनी व ई. ए. रिग्ली यांनी १९६४ साली उभारले होते. अशा अभ्यासकाने पुढे वृद्धांच्या अध्ययनाची संस्था काढावी, हा निव्वळ योगायोग नव्हे.

‘तिसरे वय’ हा शब्दप्रयोग मात्र फ्रेंचांचा. पिएर लारोक यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९६२ साली वार्धक्याच्या प्रश्नांवर आपले प्रतिवृत्त सादर केले. वृद्धांना समाजापासून अलग न काढता समाजातच ठेवावे, हे त्याचे सूत्र होते. त्यानंतरच्या काळात ‘त्र्वाझिएम आज’ हे शब्द फ्रेंच शासनव्यवहारात व लोकव्यवहारात रूढ झाले. ‘म्हातारा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांना जी उपेक्षेची छटा आली होती ती टाळण्यासाठी हा क्रमवाचक पर्याय सोयीचा ठरला. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही पर्यायोक्ती होय. पर्यायोक्तीचे आयुष्य बहुधा अल्प असते. ज्या वस्तूवर ती घातली जाते त्या वस्तूचा डाग तिलाही लागतो. या शब्दाचेही तसेच झाले. ते पुढे येईलच.

मराठी वाचकाला ‘तिसरे वय’ म्हणताच वानप्रस्थाश्रमाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. क्रमांकही तोच आहे. परंतु हे साम्य वरवरचे आहे. आश्रमव्यवस्थेतील तिसरी पायरी ही संसारातून क्रमाने मागे सरण्याची आहे. लॅस्लेट यांच्या चतुर्विध मांडणीत पहिले वय परावलंबनाचे व शिक्षणाचे, दुसरे कमाईचे व जबाबदारीचे, तिसरे आत्मपूर्तीचे आणि चौथे जर्जरतेचे व पुन्हा परावलंबनाचे आहे. तेथे तिसऱ्या वयाची दिशा समाजाबाहेर जाणारी नसून समाजात नव्याने शिरणारी आहे. आपल्याकडील ‘म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण’ या उक्तीशीही तिचा विरोध आहे. कारण ती उक्ती तिसरे वय वगळून दुसऱ्यावरून एकदम चौथ्यावर येते.

३

तुलूझचे विद्यापीठ १२२९ साली स्थापन झालेले, फ्रान्समधील अत्यंत जुन्या विद्यापीठांपैकी एक. तेथील आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक पिएर व्हेलास यांनी १९७३ साली निवृत्तांसाठी आपल्या विद्यापीठाची दारे उघडली. विद्यार्थ्यांच्या १९६८ मधील प्रचंड उठावानंतर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फ्रान्समध्ये उच्च शिक्षणाचा नवा कायदा झाला होता आणि त्याने आजीवन शिक्षण हे विद्यापीठांच्या कर्तव्यांपैकी एक ठरविले होते. म्हणजे तरुणांच्या बंडातून झालेल्या कायद्याचे एक फळ वृद्धांच्या पदरात पडले.

व्हेलास यांच्या योजनेत प्रवेशाची अट एकच होती : स्थानिक निवृत्तीचे वय उलटलेले असावे. एक साधा अर्ज भरावयाचा आणि नाममात्र शुल्क द्यावयाचे. पूर्वीच्या पदवीची चौकशी नाही, परीक्षा नाही. वर्ग दिवसा भरत. व्याख्यानांच्या जोडीला व्यायाम, आरोग्यविषयक मार्गदर्शन, कलादर्शन आणि सहली असा कार्यक्रम असे. वृद्धांचे जीवनमान उंचावणे आणि त्याचबरोबर वार्धक्याविषयी संशोधन करणे, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. ही कल्पना त्वरेने पसरली. फ्रान्समधील इतर विद्यापीठांनी आणि पाठोपाठ शेजारच्या देशांनी तिचे अनुकरण केले व १९७५ साली या संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघही स्थापन झाला.

या योजनेचे गुण उघड आहेत. विद्यापीठाची ग्रंथालये, सभागृहे व अध्यापक हे सर्व वृद्धांना आयते उपलब्ध झाले. अध्यापनाचा दर्जा विद्यापीठाचा राहिला. परंतु या व्यवस्थेत शिकविणारा कोण व शिकणारा कोण हे आधीच ठरलेले होते. चाळीस वर्षे अभियंत्याचे किंवा परिचारिकेचे काम केलेली व्यक्ती तेथे श्रोता म्हणून बसत असे. वार्धक्याविषयीच्या संशोधनात तिचे स्थान प्रायः संशोधनाच्या विषयाचे होते, संशोधकाचे नव्हते.

४

केम्ब्रिज येथे नेमके हेच नाते बदलण्यात आले. लॅस्लेट यांच्याबरोबर या कार्यात दोघे प्रमुख सहकारी होते. समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग (१९१५–२००२) यांचा ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाच्या कल्पनेत मोठा वाटा होता. एरिक मिडविंटर हे सामाजिक इतिहासाचे अभ्यासक असून त्या वेळी वार्धक्यविषयक धोरणाचा अभ्यास करणाऱ्या एका केंद्राचे संचालक होते. १९८१ च्या उन्हाळ्यात केम्ब्रिजला सभा झाली, १९८२ च्या ईस्टरमध्ये अभ्यासवर्ग भरला आणि नंतर या चळवळीचा राष्ट्रीय न्यास स्थापन झाला.

फ्रेंच नाव त्यांनी घेतले, फ्रेंच घडण घेतली नाही. लॅस्लेट यांनी लिहिलेल्या तत्त्वांचा सारांश असा : जो शिकवील त्याने शिकावेही आणि जो शिकेल त्याने शिकवावेही, प्रवेशासाठी पात्रता नको आणि अखेरीस प्रमाणपत्र नको, अध्यापनाचे वेतन नको, कारभार सदस्यांनीच पाहावा. कोणत्याही विद्यापीठाच्या आश्रयाखाली ही संस्था असणार नव्हती. गटातील एकाने संयोजक व्हावे, वर्ग एखाद्याच्या दिवाणखान्यात किंवा भाड्याच्या सभागृहात भरावेत आणि वार्षिक वर्गणीतून खर्च भागवावा, अशी तिची साधी यंत्रणा होती. निवृत्त अध्यापिकेने लॅटिन शिकवावे आणि दुसऱ्या दिवशी निवृत्त सुताराकडून लाकडाचे गुण समजून घ्यावेत, हे या रचनेत अपवादात्मक नव्हे, अपेक्षितच होते.

अशा मंडळींना ‘विद्यापीठ’ म्हणवून घेण्याचा अधिकार काय, असा आक्षेप निघाला. त्याला संस्थापकांनी दिलेले उत्तर शब्दाच्या व्युत्पत्तीतच होते. लॅटिन ‘उनिवेर्सितास’ या शब्दाचा मध्ययुगीन अर्थ ‘विश्वातील सर्व विद्यांचे स्थान’ असा नाही. ‘समान हेतूने एकत्र आलेल्यांचा संघ’ असा आहे. शिंप्यांचा, सोनारांचा जसा संघ तसाच विद्यार्थ्यांचा किंवा आचार्यांचा. पॅरिस येथे हा संघ आचार्यांचा होता. बोलोन्या येथे तो विद्यार्थ्यांचा होता व त्याची सत्ता अध्यापकांवर चाले. या भूमिकेतून पाहता तुलूझची योजना पॅरिसच्या परंपरेतील ठरते, तर केम्ब्रिजच्या योजनेत दोन्ही संघ एकरूप होऊन आचार्य व विद्यार्थी हा भेदच मावळतो. १२०९ पासूनची परंपरा सांगणाऱ्या केम्ब्रिज नगरीतच ‘विद्यापीठ’ शब्दाचा हा जुना अर्थ विद्यापीठाबाहेरच्या माणसांनी पुन्हा वापरात आणावा, यात एक मार्मिक औचित्य आहे.

यामागे इंग्लंडमधील स्वावलंबनाची परंपराही होती. रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली सहकारी दुकान उघडले. कामगारांच्या शिक्षणाची संघटना १९०३ साली निघाली. मात्र तत्त्वाबरोबर निकडही ध्यानात घेतली पाहिजे. १९८० च्या आसपास ब्रिटनमध्ये सार्वजनिक खर्चात काटछाट चालू होती व प्रौढशिक्षणास तिची झळ लागत होती. सरकारकडे मागण्यासारखे फारसे नव्हते. तेव्हा अनुदानावाचून चालणारी संस्था हा आदर्शही होता आणि उपायही होता. आदर्श व उपाय यांची अशी गाठ पडली म्हणजे पुढे एक धोका संभवतो : वृद्ध आपले आपण पाहून घेतात, म्हणून शासनाने काही करण्याचे कारण नाही, असे म्हणावयास वाव मिळतो.

५

या चळवळीतील सहलींकडे करमणूक म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. तो योग्य नाही. भूस्तरांचा अभ्यास करणारा गट समुद्रकाठच्या कड्यावर जातो, वास्तुकलेचा गट गावोगावची चर्चे पाहतो, स्थानिक इतिहासाचा गट जुन्या गिरणीच्या जागेवर जातो. अशा वेळी ती जागा हाच पाठ असतो. शिवाय ‘मी येथे काम करीत होतो’ असे म्हणणारा कोणी सदस्य तेथे निघाला, तर स्मृती ही साधनसामग्री होते. पुढे ब्रिटनमधील या संस्थांच्या सदस्यांनी संग्रहालयांच्या सहकार्याने गटागटांनी संशोधनही केले आहे.

प्रवास आणि अध्ययन यांचा सांधा सर्वांत स्पष्टपणे जुळविला तो अमेरिकेत. तेथे न्यूयॉर्कमधील निवृत्त शाळाशिक्षकांनी परस्परांना शिकविण्याची संस्था १९६२ सालीच, म्हणजे केम्ब्रिजच्या जवळजवळ वीस वर्षे आधी, न्यू स्कूल या शिक्षणसंस्थेत काढली होती. १९७५ च्या उन्हाळ्यात मार्टी नोल्टन व डेव्हिड बियान्को यांनी न्यू हॅम्पशायर राज्यातील पाच महाविद्यालयांत निवृत्तांसाठी निवासी वर्ग भरविले. त्यांना २२० माणसे आली. नोल्टन युरोपात पायी हिंडले होते. तेथील युवकांची वसतिगृहे आणि स्कँडिनेव्हियातील लोकविद्यापीठे ही त्यांच्या कल्पनेची दोन मुळे होती. म्हणूनच त्यांनी ‘यूथ हॉस्टेल’च्या धर्तीवर ‘एल्डरहॉस्टेल’ हा शब्द घडविला. सुटीत ओस पडलेल्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांत आजीआजोबांनी राहावे व सकाळी वर्गात बसावे, ही व्यवस्था स्वस्त होती आणि तिच्यात प्रतिष्ठाही होती. या संस्थेने २०१० साली आपल्या कार्यक्रमांसाठी ‘रोड स्कॉलर’ हे नाव घेतले. त्यातून ‘वडीलधारे’ हा निर्देश नाहीसा झाला.

६

नावे बदलण्याची ही प्रवृत्ती सर्वत्र आढळते. फ्रान्समधील अनेक संस्था आता स्वतःला ‘मोकळ्या वेळेचे विद्यापीठ’ किंवा ‘आंतरवयीन विद्यापीठ’ म्हणवितात. एके काळी सन्मान्य वाटलेला ‘तिसरे वय’ हा शब्द तेथे स्वतःच म्हातारा झाला. ब्रिटनमध्ये एक हजाराहून अधिक शाखा व सुमारे चार लाख सदस्य एवढा विस्तार झाला. पण नाव तीन लहान अक्षरांत आटले आणि ‘विद्यापीठ’ व ‘वय’ हे दोन्ही शब्द त्या आद्याक्षरांआड गेले. ‘विद्यापीठ’ या शब्दाने कमी शिकलेली माणसे बिचकतात, अशी तक्रार तेथे वारंवार होत आली आहे. ही तक्रार महत्त्वाची आहे. संस्थापकांनी शब्दाचा मध्ययुगीन अर्थ सांगितला खरा, परंतु शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीने ठरत नाही, व्यवहाराने ठरतो. चौदाव्या वर्षी शाळा सोडून कारखान्यात गेलेल्या माणसाला ‘विद्यापीठ’ म्हणजे आपल्याला बंद असलेले दार एवढाच अर्थ ठाऊक असतो. या संस्थांत सुशिक्षित मध्यमवर्गाचे, व त्यातही स्त्रियांचे, प्राधान्य राहिले यात नवल नाही. स्त्रियांपुरते हे प्राधान्य एका जुन्या अन्यायाची अंशतः भरपाई म्हणता येईल; वर्गापुरते तसे म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप लॅस्लेट यांच्या मांडणीवरचा आहे. तिसरे वय उजळ करताना त्यांनी सगळा अंधार चौथ्याकडे सारला. जो घराबाहेर पडू शकत नाही, ज्याला ऐकू येत नाही, त्याचे अध्ययन कोठे व्हावे? परस्परांना शिकविण्याचे तत्त्व सुदृढांच्या सहवासावर उभे आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

असे असूनही केम्ब्रिजच्या प्रयोगाचे महत्त्व कमी होत नाही. निवृत्तीनंतर विद्याव्यासंग करणाऱ्या व्यक्ती नव्या नाहीत. गोविंद सखाराम सरदेसाई (१८६५–१९५९) बडोदे संस्थानच्या सेवेतून निवृत्त झाल्यानंतर पेशवे दप्तराकडे वळले आणि १९३० ते १९३४ या काळात, वयाच्या पासष्टीनंतर, त्यांनी निवडक कागदपत्रांचे ४५ खंड संपादिले. मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक आजही या ‘पेन्शनीत निघालेल्या’ गृहस्थाच्या श्रमांवर जगतो. परंतु असे उदाहरण आपण अपवाद म्हणून गौरवितो आणि गौरविताना इतरांना नकळत सूट देतो. केम्ब्रिजच्या मंडळींनी या अपवादाला संस्थेचा नियम करू पाहिला. वृद्धाला काय द्यावे, हा तुलूझचा प्रश्न होता. वृद्धाजवळ काय आहे, हा केम्ब्रिजचा. पहिल्या प्रश्नातून सेवा निर्माण होते, दुसऱ्यातून संघ. दोन्हींची गरज आहे. परंतु ‘उनिवेर्सितास’ हा शब्द मूळ अर्थाने शोभतो तो दुसऱ्यालाच.